मेन्नाची बादली

माझ्या बायकोची, मेन्नाची राख मला प्लॅस्टिकच्या बरणीत मिळाली. तपकिरी, फिरकीच्या झाकणाची बरणी, व्यायाम करणारी पोरं पावडर ठेवतात तसली. तिच्यावर मेन्नाच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली होती आणि झाकणाच्या कडेला कुणाच्या तरी अंगठ्याचा राखाडी ठसा होता. ज्याने ती भरली त्याने हात पुसले नव्हते. मी बरणी जिन्याखालच्या कपाटात ठेवून दिली आणि त्या कपाटात माझे बूट असूनही बरेच दिवस ते उघडलं नाही.

कुठे ठेवायचं तिला, हे माझ्यावर होतं. आजारपणात एकदाच विषय निघाला होता. ती म्हणाली, "चॅपलच्या आवारात तुझ्या आईच्या कबरीशेजारी मात्र नको. तिथे आमचं एक दिवस पटायचं नाही."

"मग कुठे?"

"तू बघ. एवढं तरी तू बघ."

मी समुद्राकडचं टोक ठरवलं. आमच्या गावाची वाट चॅपलच्या मागून निघते, ओकच्या रानातून उतरते, बेव्हनच्या कुरणातून जाते आणि कड्याच्या कडेकडेने टोकावर पोहोचते. तिथून खाली पाण्यात सील दिसतात. लग्नाआधी आम्ही दोघं तिथे बसून गार पडलेली मटणाची कचोरी खाल्ली होती. दुसरी जागा मला सुचली नाही. सगळे तिथेच जातात म्हणून ती चांगली असणार, असंही वाटलं. एकदाच करायचं होतं आणि नीट करायचं होतं.

मेन्नाची धाकटी बहीण एर्लिस कार्डिफला दातांच्या दवाखान्यात काम करते. तिला सुट्टी शनिवारची, म्हणून शनिवार ठरला. आदल्या दिवशी मी बरणी बाहेर काढली. तो अंगठा तसाच होता. ती बरणी हातात धरून गावातून जायचं, लोकांनी बघायचं, हे मला जमेना. म्हणून मी राख मेन्नाच्या बादलीत काढली आणि बरणी कचऱ्यात टाकली.

ही बादली जस्ताची, झाकणाची. मुठीला तिने निळी चिंधी गुंडाळली होती, थंडीत हात चिकटू नये म्हणून. आमच्याकडे अजून सगळे कोळशाच्या शेगड्या पेटवतात, आणि गावाची रीत अशी की शनिवारी राखेची बादली मागच्या दाराच्या पायरीवर ठेवायची. कुरणाकडे निघालेला जो असेल त्याने ती उचलायची, वाटेवर जिथे चिखल असेल तिथे ओतायची आणि रिकामी आणून ठेवायची. विचारायचं नाही, आभार मानायचे नाहीत. सगळ्यात वाईट चिखल कुरणाच्या टोकाला फिरत्या फाटकापाशी असतो. त्या फाटकातून एका वेळी एकच माणूस वळून जातो आणि मेंढी अडते. प्रत्येकाचा पाय त्याच वीतभर जागेत पडतो. हिवाळ्यात तिथे बूट रुतून राहतो आणि माणूस मोज्यावर उभा राहतो. ती जागा मेन्नाने आपली मानली होती. दुसऱ्यांच्याही बादल्या तीच उचलून न्यायची. राख ओतून फावड्याच्या पाठीने थापायची, मग स्वतः वर उभी राहून टाचा दाबायची. मी म्हणायचो, "इथे काय नाचतेस?" ती म्हणायची, "तू ये, दोघांच्या वजनाने लवकर बसेल."

ती गेल्यापासून मी राख बाहेर ठेवलीच नव्हती. परसात ढीग करत होतो.

शनिवारी एर्लिस नवे पांढरे बूट घालून आली. बादली बघून तिचं तोंड आंबलं.

"ह्यात? ताईला ह्यात नेणार तू?"

"तिचीच आहे."

"माझीही एक कचऱ्याची पेटी आहे, इद्वाल. म्हणून मला तिच्यात घालणार का?"

"तू आधी मर, मग बघू."

ती हसली नाही. पण बादली माझ्या हातून घेऊन तिने झाकण कापडाने पुसलं, मग परत माझ्याकडे दिली.

रानाच्या तोंडाशीच सुरुवात झाली. कुंपणाशेजारी काटेरी झुडूप आहे, मार्चमध्ये पांढऱ्या फुलांनी भरतं. त्यावर पिशव्या लटकत होत्या. काळ्या, हिरव्या, एक गुलाबी. शहरातले लोक कुत्री घेऊन येतात, कुत्र्याची घाण पिशवीत भरतात, गाठ मारतात, आणि मग ती झाडाला टांगून निघून जातात. का टांगतात हे मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. जमिनीवर राहिली असती तर पावसाने जिरली असती. एक पिशवी काट्याने फाटली होती आणि तिच्यातून आलेला ओघळ फुलांवरून खाली उतरला होता.

"शी!" एर्लिस म्हणाली. "हे काढत का नाही कुणी?"

"मेन्ना काढायची."

"हाताने?"

"हातमोजे होते तिच्याकडे. मग शिव्याही द्यायची."

रानात दगडी भिंतीमागे कागदाचे ओले रुमाल पडले होते. कशाला वापरलेले ते सांगायला नको. रानलसणीच्या कोवळ्या पानांमध्ये पडले होते. ती पानं मेन्ना वसंतात सूपमध्ये घालायची. मला वाटलं, आता ह्या जन्मात ते सूप नको. कुरणात बेव्हनच्या मेंढ्या व्यायला लागल्या होत्या, गवतात वार पडलेली होती आणि त्यावर कावळे. त्याचं मला काही वाटलं नाही. ती मेंढ्यांची घाण, तिला कारण आहे.

फिरत्या फाटकापाशी एर्लिसचा पांढरा बूट घोट्यापर्यंत आत गेला. तिने असा काही शब्द उच्चारला की चॅपलमध्ये तिला पुन्हा घेतलं नसतं. मी बादली फाटकावरून पलीकडे ठेवली, तिचा हात धरून ओढलं, बूट सुटला आणि चिखलाने मोठा घाणेरडा आवाज केला.

"ताई असती तर ही जागा अशी नसती," ती म्हणाली.

ते मलाही दिसत होतं.

टोकावर वारा होता पण पाऊस नव्हता. दुरून सगळं होतं तसंच दिसलं, नेचे सुकून तांबडे पडलेले, पिवळी झुडपं, खाली समुद्र. मी बसायच्या खडकाजवळ गेलो आणि पायाखाली काहीतरी करकरलं. मला वाटलं मीठ असेल. खाली पाहिलं तर खडकाभोवतीचं सगळं गवत पांढुरकं होतं. मधे मधे ढीग होते. पावसाने भिजून वाळलेले, वरून पापुद्रा धरलेले, भिंतीच्या पोपड्यासारखे. त्यात बारीक पांढरे खडे. हाडांचे.

"हे काय आहे?" एर्लिसने विचारलं.

मी त्यात उभा होतो.

एकाची नाही, किती जणांची राख होती ती, कोण जाणे. कुठून कुठून येऊन ओतून गेले होते. कुणी तरी वाऱ्यावर सोडली असेल, पण बहुतेकांनी पिशवी उलटी केली आणि गाडीकडे परत गेले. शेजारी प्लॅस्टिकची फुलं, चकचकीत कागदात गुंडाळलेली खरी फुलं सडून तपकिरी पाणी झालेली, हृदयाच्या आकाराचा फुटका फुगा, व्हिस्कीची अर्धी बाटली. बाटलीत गोगलगाय मेली होती. फुग्याची रिबीन एका कुरव पक्ष्याच्या पायात अडकलेली होती आणि तो मेलेला पक्षी खडकाच्या फटीत पडला होता. ज्यांना आपल्या माणसाचं एवढं वाटलं की त्याला इथवर घेऊन आले, त्यांनीच हे केलं होतं. रस्त्यावर कचरा फेकणारा माणूस मला कळतो. हे मला कळलं नाही.

तेवढ्यात एक मोठा ओला कुत्रा नेच्यांतून आला, सरळ त्यातल्या एका ढिगात पाठीवर पडला आणि चारी पाय वर करून लोळायला लागला. मागून भडक जॅकेट घातलेला माणूस पळत आला.

"घाबरू नका हं! काही करत नाही तो, फार प्रेमळ आहे!"

"करतोय की," मी म्हणालो. "माणसात लोळतोय."

"काय म्हणालात?"

"ती राख आहे. माणसाची."

त्याने कुत्र्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या बादलीकडे. "अरे देवा. मला वाटलं कुणी शेकोटी केली असेल." त्याने कुत्र्याला पट्ट्याने ओढलं, खिशातून ओला रुमाल काढून त्याची पाठ पुसली, रुमाल राखाडी झाला. मग तो रुमाल हातात धरून इकडे तिकडे बघू लागला. मला कळलं तो काय करणार. त्याने तो झुडपात खोचला.

"परत जाताना घेईन," तो म्हणाला.

"सगळे तेच म्हणतात."

"तुम्हाला काही प्रॉब्लेम आहे का, काका?"

"आहे. तो उचल."

त्याने उचलला. कुत्र्याला घेऊन गेला. पुढच्या वळणावर त्याने तो टाकला असणार, मी बघायला गेलो नाही.

एर्लिसने पिशवीतून भजनाचा कागद काढला होता. तो तिने हातातच ठेवला. मला म्हणाली, "तिकडे, पुढे, कडेपाशी स्वच्छ आहे थोडं."

"इथे नाही."

"मी कार्डिफहून आलेय, इद्वाल."

"इथे नाही म्हटलं ना. ह्या लोकांत मी तिला टाकणार नाही. उद्या तो कुत्रा परत येईल."

"मग कुठे? घरी शेगडीशेजारी ठेवणार?"

"माहीत नाही."

ती खडकावर बसायला गेली आणि बसली नाही. आम्ही परत फिरलो. संपूर्ण वाटेत ती माझ्या पुढे चालली आणि एकदाही मागे वळली नाही. माझ्या बुटांच्या खाचांत ती राख भरली होती, पावलागणिक जाणवत होती. मी दोनदा थांबून काडीने खरवडली. काडी फेकताना वाटलं, हा कुणाचा तरी बाप असेल. तरी फेकली. किळस आणि लाज एकदम आली की माणूस काय करणार?

घरी मागच्या दाराशी पोहोचलो तेव्हा मी एर्लिसला म्हणालो, "तू आत जा, किटली ठेव. ह्या बुटांनी मी तिच्या स्वयंपाकघरात येणार नाही." बादली पायरीवर ठेवली. बूट काढून मोज्यांवर परसाच्या टोकाला नळापाशी गेलो आणि ब्रशने घासत बसलो. पाणी बर्फासारखं होतं. खाचांतून पांढरं पाणी निघत होतं. ते गटारात जाऊ द्यावं की गुलाबाच्या आळ्यात, हेही ठरवता येईना. शेवटी आळ्यात सोडलं. मग घराच्या पुढच्या अंगाच्या शेडमध्ये जुने बूट शोधून घातले आणि पुढच्या दाराने आत गेलो, कारण तेच जवळ होतं.

एर्लिसने चहा केला होता. मनुकांची पोळी तव्यावर गरम केली होती. खायची इच्छा दोघांनाही नव्हती. ती बोलायला लागली की चॅपलच्या आवारात काय वाईट आहे, तुझी आई तर केव्हाच माती झाली, आता कोण भांडणार आहे. मी म्हणालो, मेन्ना भांडेल. असं बराच वेळ चाललं.

मग मागच्या दाराबाहेर शीळ ऐकू आली आणि बादलीची कडी वाजली.

तो तेगिद होता, आमचा शेजारी. आयुष्यभर टपाल वाटलं, आता निवृत्त आहे पण चालणं सुटलं नाही. दार उघडून त्याने डोकं आत घातलं. चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखा खूश.

"इद्वाल, पायरीवर बादली बघितली आणि बरं वाटलं रे बाबा. म्हटलं, आला हा माणसांत! रिकामी करून आणली. ओढ्यात धुतलीसुद्धा."

एर्लिसने कप खाली ठेवला. किटली उकळत राहिली.

"पण कोळसा कुठला आणतोस हल्ली?" तेगिद म्हणाला. "फार बारीक राख आहे. चिखलावर नुसती पसरत होती. मी चांगली तुडवली, मेन्ना तुडवायची तशी, तेव्हा कुठे..."

एर्लिस किंचाळली. कपाट उघडताना उंदीर दिसावा तशी. तेगिदने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या बुटांकडे पाहिलं. मग त्यानेही आपल्या बुटांकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "इद्वाल, नाही म्हण."

"तू काय करणार, शनिवार आहे," मी म्हणालो. आणि मग त्याच्या हातून बादली हिसकावली. कोपऱ्यातलं फावडं घेतलं आणि निघालो.

राग तेगिदवर नव्हता. त्या जागेवर होता. मेंढ्यांची लेंडी, सगळ्या गावाचे आणि सगळ्या परक्यांचे बूट, कुत्र्यांचे पाय, आणि त्यात मेन्ना. टोकावर नको म्हणून परत आणली आणि त्याहून घाणीत गेली. फाटकापाशी पोहोचलो तर चिखलाच्या मधोमध ती फिकट जागा होती, मोठ्या ताटाएवढी, वर तेगिदच्या टाचांचे ठसे. मी गुडघ्यावर बसलो. फावड्याच्या टोकाने वरचा थर सोलून बादलीत घ्यायला लागलो. राखेबरोबर चिखल येत होता, चिखलाबरोबर लेंड्या, कुजलेली पानं, एक चॉकलेटचा कागद. कागद वेगळा काढला. लेंड्या वेचायला लागलो. त्या बोटांत फुटत होत्या. बादली भरत चालली होती आणि बादलीत जे होतं ते कुणालाही दाखवण्यासारखं नव्हतं.

"माफ करा, जाऊ का आम्ही?"

पलीकडे काठ्या घेतलेली एक म्हातारी जोडी उभी होती. लाल नाकांची, पाठीवर पिशव्या. मी हललो नाही. म्हातारा म्हणाला, "गडबड नाही. करा तुमचं." आणि बायकोला हळूच, पण मला ऐकू येईल असं, "वाट दुरुस्त करतायत ते."

त्यांना थांबवून काय सांगणार होतो? मी बाजूला झालो. आधी म्हातारी आली. फाटक ओढलं, वळली, आणि तिचा पाय जिथून मी सोलून काढलं होतं तिथे पडला. तो गुडघ्याखालपर्यंत गेला. ती घाबरून नवऱ्याच्या नावाने ओरडली. मी तिचा दंड धरला.

"इकडे नको," मी म्हणालो. "डाव्या अंगाला पाय ठेवा. तिथे घट्ट आहे."

डाव्या अंगाला अजून फिकट होतं, तिथपर्यंत मी पोहोचलो नव्हतो. तिने तिथे पाय ठेवला, सगळं वजन टाकलं, आणि पार झाली. म्हाताराही तिथेच पाय ठेवून आला. "आभारी आहोत," तो म्हणाला. मी म्हणालो, "आमच्याकडे आभार मानत नाहीत." त्याला मी उद्धट वाटलो असणार.

ते रानाकडे गेले. मी त्या बाईच्या बुटाचा ठसा बघत उभा राहिलो. नक्षी स्वच्छ उमटली होती, पाणी भरलं नव्हतं. अर्थात ते तिच्या राखेमुळे नव्हतं, तितकी बारीक राख एकटी काही धरत नाही. मेन्नाने इतकी वर्षं खाली जे थापलं होतं त्यामुळे होतं. शेगड्यांची राख, आमची आणि सगळ्यांची. आता वरून ती.

तेगिद मागून आला होता. फाटकाच्या अलीकडे उभा होता, टोपी हातात, आणि शेजारी ढकलगाडी. गाडीत माझ्या परसातला ढीग होता, मी बाहेर ठेवला नव्हता तो.

"एर्लिसने सांगितलं ढीग कुठे आहे ते," तो म्हणाला. "मला वाटलं, हवी असेल."

"आण इकडे."

"मी त्यावरून कसा येऊ?"

"एकदा तुडवून झालंय ना तुझं? ये आता."

तो रडत होता आणि नाक बाहीला पुसत होता, तेही मला बघवलं नाही. मी बादली खड्ड्यात उलटी केली, होतं तसं, लेंड्यांसकट. फावड्याच्या पाठीने थापलं. त्यावर आम्ही जाड राख ओतली, खडे असलेली, जी धरते. पुन्हा थापली. मग मी वर उभा राहिलो आणि टाचा दाबल्या. तेगिद बघत राहिला.

"तू ये," मी म्हणालो. "दोघांच्या वजनाने लवकर बसेल."

एर्लिस न बोलता गेली. बरेच दिवस फोन नव्हता. मी दर शनिवारी बादली नेतो, जाताना झुडपावरच्या पिशव्या काढतो, मेन्नाचे हातमोजे मला लहान होतात. लोक सुधारलेले नाहीत. परवा कुणीतरी माझ्या फाटकालाच एक टांगली होती. तिचं मी काय केलं ते सांगत नाही, पण कुत्र्याच्या मालकाची गाडी चॅपलसमोर उभी होती.

मग एर्लिसचा फोन आला. म्हणाली, जागेचा फोटो पाठव. मी पाठवला. थोड्या वेळाने परत फोन.

"ह्यात ताई नक्की कुठे आहे?"

"जिथे पाय रुतत नाही तिथे."

"आणि लोक तिच्यावरून जातात?"

"सगळे."

"शी, इद्वाल," ती म्हणाली. पण फोन तिने ठेवला नाही.